डाव्या पायाखालची माती

मी फटफटी बोलतेय. टाकीवर माझं विलायती नाव सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, चांगलं भारदस्त नाव. पण बारामतीत पहिल्यांदा आले त्याच दिवशी लोकांनी मला फटफटी करून टाकलं. तेव्हा फार राग आला होता. आता मात्र त्या जुन्या नावानं कुणी हाक मारली तर मी मान वळवून बघणारही नाही.

माझा जन्म इंग्लंडातला, सन १९५४ चा. शर्यतीत पळण्यासाठी घडवलेल्या जातीतली मी. सिलिंडर एकच, पण आवाज असा की झोपलेलं गाव उठून बसावं. माझा खरा तोरा मात्र मागच्या चाकापाशी होता. तेव्हाच्या कितीतरी फटफट्यांचं मागचं चाक सांगाड्याला ताठ बांधलेलं असे. खड्डा आला की बसणाऱ्याची कंबर आणि देव, दोघंच काय ते बघून घेत. मला चाकाच्या दोन्ही अंगांना स्प्रिंगेचे दोन दांडे होते. स्प्रिंगेच्या बुडाशी खाचा पाडलेलं एक कडं. आकड्यासारख्या पान्यानं ते कडं वरच्या खाचेत फिरवलं की स्प्रिंग आवळली जाई, माझी पाठ उंच आणि कडक होई. खालच्या खाचेत आणलं की पाठ बसे आणि मऊ पडे. एवढीशी गोष्ट, पण माझं सगळं आयुष्य या वर-खाली करण्यात गेलं.

पहिले धनी पुण्याच्या कॅम्पातले एक तरुण कॅप्टन. रविवारी मोकळ्या मैदानावर मित्रांशी पैजा लावायचे. त्यांनी माझं कडं कायम सगळ्यात वरच्या खाचेत ठेवलं होतं. नाक खाली, शेपूट वर, अशी मी उभी राहिले की पोरीबाळीसुद्धा थबकून बघत. वळणावर ते मला इतकं कलतं करत की पाय ठेवायचं पायदाण मातीला घासे, पण मी कधी घसरले नाही. पळणं म्हणजे काय ते मला त्यांनी शिकवलं आणि त्याबद्दल मी त्यांना कधी विसरले नाही. पुढं त्यांची बदली सरहद्दीकडे झाली. जाताना त्यांनी टाकीवरून हात फिरवला आणि निघून गेले.

मग मला बारामतीचा कुंडलिक घेऊन आला. विहिरीवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करणारा हा माणूस. ताडमाड उंच, हाताला कायम काळं तेल, आणि तोंडानं यंत्रांशी गप्पा. इंजिन चालू होईना तर तो त्याला आधी शिव्या देई, मग समजूत घाली. सांगवी, माळेगाव, इंदापूर, कुठल्याही मळ्यातून निरोप आला की आम्ही निघायचो. माझ्यावर इंजिनाचे पिस्टन बांधले गेले, कांद्याचं पोतं बसलं, एकदा तर जिवंत करडू आडवं घातलं होतं. शर्यतीच्या गाडीवर करडू! कॅप्टनसाहेबांनी पाहिलं असतं तर त्यांनी टोपीच काढून ठेवली असती.

कुंडलिकाचा जिवाभावाचा मित्र म्हणजे सांगवीचे मोहनराव. खरी गोष्ट त्यांचीच आहे.

मोहनराव छकड्याच्या शर्यतीतले नावाजलेले गाडीवान. बैलांना चाबूक न लावता नुसत्या आवाजावर पळवणारा माणूस, असं लोक सांगत. एका शर्यतीत छकडा उलटला आणि त्यांची डावी मांडी मोडली. हाड सांधलं, पण सांधताना पाय चार बोटं आखूड झाला. नांगर धरता येईना, उसाला पाणी द्यायला चिखलात उभं राहवेना, सायकल मारता येईना. शेत त्यांच्या बायकोनं, विजयमालानं, अंगावर घेतलं. मोहनराव घरापुढच्या ओट्यावर बसून राहत. कुणी रामराम केला तर हात वर करत, एवढंच. मी कुंडलिकाबरोबर तिथं जायची तेव्हा ते माझ्याकडे बघत, आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघत. पळण्याची सवय लागलेल्याला बसवून ठेवलं की काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

तेवढ्यात माळेगावचा साखर कारखाना उभा राहत आला. पहिला हंगाम तोंडावर होता. गावोगाव फिरून उसाची नोंद करणारी, कुणाचा ऊस तोडीला आला ते बघून चिठ्ठी देणारी माणसं हवी होती. मोहनराव सातवी शिकलेले, उसातले जाणते आणि पंचक्रोशीत प्रत्येक बांधावर ओळख असलेले. शेतकी अधिकाऱ्यांना माणूस पसंत पडला. फक्त ते म्हणाले, "रोज एवढ्या गावांतून फिरायचं कशावर? फटफटी चालवून दाखवा. जमली तर काम तुमचं."

कुंडलिकानं त्याच संध्याकाळी माझी किल्ली मोहनरावांच्या हातात ठेवली. "माझी इंजिनं मी एस्टीनं फिरून करीन. ही तुझी," म्हणाला.

मोहनरावांनी किल्ली कमरेला खोचली आणि उठून माझ्यापाशी आले.

चालवायला ते लगेच शिकले. बैलांचा कासरा धरलेल्या हाताला माझं हँडल काय जड! अडचण चालण्याची नव्हतीच, थांबण्याची होती. माझा गिअर उजव्या पायाशी. थांबताना आणि निघताना उजवा पाय गिअरवर, म्हणून सगळा भार जमिनीवरच्या डाव्या पायावर येतो. आणि त्यांचा नेमका डावा पाय आखूड. पहिल्याच दिवशी ते थांबले, पाय खाली सोडला, तो हवेत लटकला आणि आम्ही दोघं आडवे झालो. दुसऱ्या दिवशीही तसंच. विजयमालानं चांभाराकडून डाव्या पायाला जाड तळाची वहाण करून आणली. ती ब्रेकच्या खाली अडकू लागली आणि ओल्या रानात तिला एवढा चिखल चिकटे की पाय उचलवेना.

"पाय लांब हुईना, तर गाडी खाली आणू," कुंडलिक म्हणाला आणि पाना घेऊन माझ्यामागे बसला.

आधी माझ्या गादीतला काथ्या काढला. मग मागचं कडं वरच्या खाचेतून थेट तळाच्या खाचेत. कॅप्टनसाहेबांनी एवढ्या हौसेनं उचललेली माझी शेपूट खाली बसली. तरी पाय टेकेना. तेव्हा कुंडलिकानं लोखंडी पट्टी ठोकून मागचे दांडे तिरके बसवले. आता मागची बाजू चांगलीच खाली आली.

मोहनराव एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "कुंडल्या, ही उलार झालीया."

बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं, की जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेवर काही भारच राहत नाही. त्याला इकडं गाडी उलार झाली म्हणतात. माझं तसंच झालं होतं. पुढचं चाक हलकं पडून हँडल थरथरत होतं आणि माझा दिवा रस्ता सोडून बाभळीच्या शेंड्यावर उजेड पाडत होता. कुंडलिकानं कपाळावर हात मारला. मग त्यानं पुढच्या दोन्ही नळ्या पकडीतून वर सरकवल्या आणि माझं नाकही खाली आणलं.

आता मोहनराव बसले, डावा पाय सोडला आणि तो अख्खा जमिनीला टेकला. टाच, चवडा, सगळा. मग पाय उचलला आणि पुन्हा टेकवला. विजयमाला दारात उभी होती, ती पदर तोंडाशी धरून आत गेली. खरं सांगू? माझी उंची गेली म्हणून मी मनातल्या मनात कुरकुरत होते. पण तो पाय टेकल्यावर माझी कुरकुर थांबली.

पण या सगळ्यात एक चूक होऊन बसली होती. कुंडलिकानं माझं माप घेतलं ते सपाट अंगणात, एकट्या मोहनरावांना बसवून. शहरात एवढं पुरलं असतं. आपल्या भागात गाडीवर एकटा माणूस जातो कधी? वाटेनं कुणी चालत निघालेलं दिसलं आणि त्याच्यापुढून रिकामी गाडी नेली, तर गाव महिनाभर नाव ठेवतं. आणि मोहनराव तर जन्माचे गाडीवान.

परीक्षेचा दिवस आला. अधिकारी सांगवीच्या शिवारात कालव्याच्या पुलावर जीप लावून थांबणार होते. बारामतीकडून निघून, मळ्यांच्या बांधांवर थांबत थांबत मोहनरावांनी तिथं पोचायचं होतं. धोतराचा काष्टा घट्ट खोचून, नवा फेटा बांधून ते निघाले. दोन-तीन ठिकाणी थांबले, पाय टेकला, पुन्हा निघाले. मला वाटलं, जिंकली शर्यत.

तेवढ्यात वाटेत बनाबाई दिसली. साठीची, वांग्या-गवारीचा मळा एकटीनं पिकवणारी, अख्ख्या गावाची आत्या. डोक्यावर वांग्यांची पाटी. तिनं हात वर केला.

"आरं मोहना, पुलापतुर सोड की रं. मान मोडली माझी."

परीक्षा आहे, वेळ नाही, असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं. मोहनराव म्हणाले, "बसा आत्या. घट धरा."

आत्या बसली, पाटी मांडीवर आली आणि माझी मागची स्प्रिंग पार तळाला टेकली. तळाच्या खाचेत, तिरक्या दांड्यांत, दोन माणसं आणि वांगी! मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझं ओरडणं सगळ्यांना फटफटच ऐकू येतं. चाकोरीत पायदाणं दोन्ही बाजूंना घासू लागली. पुढं वाटेला आडवा एक पाण्याचा पाट होता, त्याच्या दोन्ही कडांना मातीचे उंचवटे. पुढचं चाक ओलांडून गेलं. माझं पोट मात्र त्या उंचवट्यावरच्या दगडावर असं आपटलं की मी जागच्या जागी अडकले. मोहनराव एका बाजूला, आत्या पाटात, आणि वांगी सगळ्या शिवारात.

कुणाला फार लागलं नव्हतं. माझ्या पोटाला खोक पडून तेल ठिबकत होतं. मोहनराव चिखलात बसले ते उठेचनात.

"आत्या, माझ्यात काय राम ऱ्हायला न्हाय बगा," ते म्हणाले. "घरात बसवलेलंच बरं मला."

आत्या पाटातून उठली, लुगडं पिळलं. "राम हाय का न्हाय ते मागनं बगू. आदी वांगी गोळा कर. बाजाराची हायत."

आवाज ऐकून अधिकारी पुलावरून चालत आले. माणूस भला होता. त्यांनीही दोन वांगी उचलून पाटीत टाकली. मग म्हणाले, "मोहनराव, तुमचा पाय टेकतो हे मी पुलावरून पाहिलं. पण गाडीचं पोटही टेकतंय. या वाटांवर रोज असे पाट लागणार. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पुन्हा इथं येईन. तेव्हा जमलं नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, हंगाम थांबणार नाही."

कुंडलिकानं माझ्या पोटाला डाग लावून तेल थांबवलं. पण पुढं काय ते त्याला सुचेना. मोहनरावांच्या अंगणात दोघं माझ्या दोन बाजूंना बसून होते.

"वर केली तर पाय लटकतुया, खाली केली तर पोट घासतंय," कुंडलिक म्हणाला. "मधी ठिवली तर दोनी व्हतंय."

विजयमाला शेतातून नुकती आली होती. ती हळूच म्हणाली, "गाडी व्हती तशी करा. जितं थांबायचं तितं मी मागनं पळत यीन. धरीन."

"बायकूनं पळत येऊन धरायची गाडी?" मोहनराव खेकसले. मग त्यांचंच तोंड उतरलं. तिच्या टाचांना पडलेल्या भेगा त्यांना दिसल्या असाव्यात. "तू लई पळलीस माझ्यामागं," ते एवढंच म्हणाले आणि आत जाऊन पडले.

दोन दिवस मला कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बनाआत्या आली. पाय गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेले, हातात फावडं.

"उठ मोहना. कुंडलिका, तूबी चल. काय केलंय ते दावते."

मला ढकलत ढकलत तिच्या मळ्यापर्यंत नेलं. तिच्या बांधाला लागून, वाटेच्या डाव्या कडेला, तिनं मातीचा एक बुटका ओटा घातला होता. खाली दगड, वर चोपून चोपून बसवलेली ओली माती, अगदी पाटाचा बांध घालतात तशी. उंची चार बोटं, थोडी जास्तच.

"ह्यो काय?" मोहनरावांनी विचारलं.

"तुझा पाय. जिथं कमी पडतुया तिथली माती वर केली," आत्या म्हणाली. "आरं, पाणी उसाला चढंना तर आपण ऊस खाली गाडतो व्हय? पाट उंच करतो. तुमी दोघं त्या बिचाऱ्या गाडीला खाली दाबत बसलाय. ती करा व्हती तशी."

बिचारी! मला कुणी बिचारी म्हणालं तर एरवी खपत नाही. त्या दिवशी मात्र त्या म्हातारीला मी मनोमन दंडवत घातला.

कुंडलिक हसत सुटला. त्यानं तिथल्या तिथं पट्टी काढली, दांडे सरळ केले, नळ्या खाली घेतल्या. पण या वेळी शहाणपण आलं होतं. कडं फिरवण्याआधी त्यानं मोहनरावांना बसवलं, त्यांच्यामागे आत्याला बसवलं आणि आत्याच्या मांडीवर भरलेली पाटी दिली.

"मी काय धोंडा हाय व्हय वजनाला?" आत्या कुरकुरली.

"गप बसा आत्या, हालू नगा. माप घितुया."

पूर्ण भार घेऊन मी किती बसते ते त्यानं पोटाखाली हात घालून पाहिलं, कडं मधल्या खाचेत आणलं, पुन्हा पाहिलं. आत्यानं खाली उतरते म्हटलं तर उतरू दिलं नाही. शेवटी मी नाक आणि पाठ दोन्ही नीट सांभाळून उभी राहिले. शर्यतीची उंची नव्हती ती. कामाची उंची होती, आणि मला ती शोभत होती.

मोहनराव मला ओट्याच्या कडेला आणून थांबले, पाय सोडला, आणि तो मातीवर टेकला.

पण ओटा एकच होता. बाकीच्या बांधांचं काय? मोहनराव कुणाला सांगायला तयार नव्हते. "माझ्या लंगड्या पायासाठी लोकान्ला कामाला लावू?" म्हणाले. विजयमालालाही मागायची लाज वाटत होती. त्या आठवड्यात चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, पाणी सुटलं होतं. रात्रंदिवस सगळे आपापल्या पाळीला चारीवर येत होते आणि आत्याही तिथंच होती. ती काय बोलली ते मी ऐकलेलं नाही. मी अंगणात उभी होते.

बाजाराचा दिवस आला. आम्ही निघालो. पहिला मळा आला. ते वेग कमी करू लागले आणि डावीकडे बघून एकदम ब्रेकच दाबला.

बांधाच्या कडेला मातीचा ओटा होता. ताजा, त्यावर चोपणाऱ्या हाताचे ठसे अजून ओले. मोहनरावांनी पाय टेकवला. उसातून कुणीतरी ओरडलं, "रामराम मोहनराव! बसला का नीट?"

पुढच्या मळ्यावर पुन्हा तसाच. त्याच्यापुढं कुणाकडे माती कमी होती तर दोन सपाट दगड एकावर एक. एकीनं तर आपला ओटा शेणानं सारवून ठेवला होता. मोहनराव प्रत्येक ठिकाणी थांबले, जिथं कुणी दिसत नव्हतं तिथंही थांबले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते फेट्याच्या शेमल्यानं पुसत, वारं लागतंय म्हणत होते. कुणाला म्हणत होते? माझ्यावर तर दुसरं कुणीच नव्हतं.

पुलावर मात्र ओटा असणार नव्हता. पूल सरकारचा. तिथं माती कोण घालणार? अधिकारी जीपशी उभे होते. मोहनरावांचा हात ब्रेकवर थबकला. तेवढ्यात कठड्याजवळून विजयमाला पुढं आली, हातातलं घमेलं तिनं रस्त्यावर पालथं घातलं आणि बाजूला सरली. मोहनराव नेमके तिथं येऊन थांबले. डावा पाय घमेल्यावर.

"हे काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पाय टेकायला, सायेब," विजयमाला म्हणाली. मान खाली होती, पण आवाज खणखणीत होता.

"रोज प्रत्येक बांधावर घमेलं घेऊन तुम्ही कशा उभ्या राहणार?"

मोहनराव म्हणाले, "बसा मागं, सायेब. दावतो."

साहेब चांगले भरलेले होते. पण कुंडलिकानं आत्या आणि वांगी धरून माप घेतलेलं. मी त्यांना घेऊन तोच पाट असा ओलांडला की पोटाला माती लागली नाही. मोहनरावांनी वळसा घालून त्यांना सगळे मळे दाखवले. तीन-चार ओट्यांनंतर साहेब स्वतःच पुढचा ओटा शोधू लागले. परत पुलावर आल्यावर उतरले आणि म्हणाले, "या माणसाला काम मी काय देणार? लोकांनीच देऊन टाकलंय. उद्यापासून या."

विजयमालानं घमेलं उचललं आणि कमरेवर घेऊन घराकडे चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर ती वळून म्हणाली, "आता मला सोडा की घरापतुर." त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्यावर बसली. घमेलं तिच्या मांडीवर होतं. आणि मोहनरावांनी मला इतकं हळू कधीच चालवलं नव्हतं.

तेव्हापासून दोन हंगाम झाले. आज १९५९ साल चालू आहे. टाकीवरची सोनेरी अक्षरं केव्हाच गेली. स्प्रिंगा कुरकुरतात, कुंडलिक त्यांना तेल देतो आणि शिव्याही. उसाच्या पाचटाची कुसळं माझ्या साखळीत कायमची बसली आहेत. पण मी समाधानी आहे. कॅप्टनसाहेबांनी मला पळायला शिकवलं. थांबायला मात्र या लोकांनी शिकवलं, आणि त्यांचं देणं मोठं आहे.

पाऊस पडून गेला की ओटे खचतात. मोहनराव कुणाला सांगायला जात नाहीत. पण पुढच्या खेपेला जावं, तर माती परत वर आलेली असते.

शेवटची एक गोष्ट सांगते आणि थांबते. यंदा मोहनरावांना इंदापूरच्या बाजूची नवी गावं मिळाली. सणसरच्या पुढं त्यांना फारसं कुणी ओळखत नाही. पहिल्या दिवशी आम्ही निघालो. तिथं कुठले ओटे?

पण चारीचं पाणी पुढं जातं तशी बातमीही पुढं गेली असावी. पहिल्याच मळ्यापाशी गेणबा नावाचे म्हातारे शेतकरी हात जोडून उभे होते. त्यांच्या बांधाला दगड-मातीचा असा देखणा ओटा की त्यावर देव बसवावा. फक्त तो वाटेच्या उजव्या बाजूला होता.

कुठला पाय आखूड आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मोहनरावांनी ते पाहिलं आणि वेग कमी केला नाही. आम्ही गेणबांच्या समोरून तसेच पुढं गेलो. आरशात मला त्यांचा पडलेला चेहरा दिसत होता. पुढं बाभळीपाशी वाट जरा रुंद होती. तिथं मोहनरावांनी मला वळवलं, आणि आलो त्याच वाटेनं आम्ही परत निघालो. आता ओटा डावीकडे आला. त्यांनी अलगद पाय टेकवला आणि म्हणाले, "रामराम आबा. फुडचा ऊस बगून आलो जरा. लई झ्याक वटा केलाय."

गेणबांचं तोंड असं फुललं, की विचारू नका.

अजूनही त्या मळ्यावर गेलो की आम्ही आधी पुढं जातो, बाभळीपाशी वळतो आणि मगच थांबतो. गेणबांना वाटतं, फटफटीला थांबायच्या आधी एवढं वळावंच लागतं. ते आल्यागेल्याला तसं समजावूनही सांगतात. मीही कुणाला खरं सांगितलेलं नाही, आज तुम्हालाच सांगतेय.

तेव्हा बाबांनो, या भागातून जाताना उसाच्या कडेला मातीचा असा बुटका ओटा दिसला, तर त्यावरून बैल घालू नका, नांगर जरा बाजूनं घ्या. तो उजव्या हाताला असला तरीसुद्धा. आम्ही वळून येतो.